जगभर पवनऊर्जा वाढतेय, मग ठाण्यातल्या गच्चीवर पवनचक्की का नको?

घोडबंदरकर
नमस्कार मंडळी. कासारवडवलीतल्या २२ मजली इमारतीच्या गच्चीवर ३ किलोवॉटची उभ्या अक्षाची (उभ्या खांबाभोवती फिरणारी) पवनचक्की बसवायचा प्रस्ताव सोसायटीपुढे आला आहे. किंमत साडेचार लाख, आणि विक्रेत्याचा दावा ‘पाच वर्षांत पैसे वसूल’. सोबतच्या रंगीत पत्रकात जगाचे आकडे आहेत: २०२३ मध्ये जगाची पवनऊर्जा क्षमता १००० गिगावॉटच्या पुढे गेली, डेन्मार्कची निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यावर, भारत क्षमतेत चौथा. हे आकडे खरे आहेत. माझे प्रश्न दोनच:
जगात ही वीज स्वस्त झाली ती नेमकी कशामुळे? आणि तो स्वस्तपणा गच्चीपर्यंत पोचतो का?
सर्वसाधारण सभा पुढच्या रविवारी आहे. जाणकारांनी लिहावं.

कळवेकर
२२ व्या मजल्यावर वाळत घातलेला टॉवेल थेट येऊरच्या जंगलात सापडतो. वारा भरपूर आहे, बसवून टाका.

हिशेबनीस
टॉवेल उडायला झोत पुरतो, युनिट पडायला वर्षभराची सरासरी लागते. गणित मांडतो, कुणीही तपासावं.

या आकाराच्या यंत्राचं वाऱ्याला सामोरं जाणारं क्षेत्रफळ साधारण ८ चौरस मीटर असतं. ३ किलोवॉट हा आकडा सेकंदाला १२ मीटर वाऱ्याचा, म्हणजे ताशी ४३ किलोमीटर. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग १२ वरून ४ वर आला की शक्ती एक तृतीयांश होत नाही, सत्ताविसावा भाग उरते. ३००० वॉटचे १११ वॉट.

आता वर्षाचं. गच्चीवर सरासरी ४ मीटर वारा धरला, हे मी उदार होऊन धरतोय. आपल्या उष्ण हवेची घनता घनमीटरला १.१६५ किलो. वारा कमीजास्त होतो, त्यामुळे वेगाच्या घनाची सरासरी ही सरासरी वेगाच्या घनाच्या जवळजवळ १.९ पट येते, तोही फायदा दिला. पाती, जनरेटर, इन्व्हर्टर मिळून एकूण कार्यक्षमता २५ टक्के धरली. सरासरी उत्पादन आलं १४२ वॉट, वर्षाला साधारण १२५० युनिट. युनिटला १० रुपये वाचले तर वर्षाचे साडेबारा हजार. साडेचार लाख वसूल व्हायला ३६ वर्षं, तेही देखभाल शून्य आणि व्याज शून्य धरून.

पाच वर्षांत वसुली हवी तर वर्षाला ९००० युनिट पाहिजेत. म्हणजे सीयूएफ (यंत्र वर्षभर पूर्ण क्षमतेने चाललं असतं तर मिळाली असती त्या विजेपैकी प्रत्यक्ष मिळालेला भाग) ३४ टक्के. इतका सीयूएफ गुजरात-कर्नाटकातल्या चांगल्या जागी १४० मीटर उंचीच्या यंत्रांना मिळतो.

गच्चीप्रेमी
हिशेबनीस, हे आडव्या अक्षाच्या पंख्याचं गणित आहे. उभ्या अक्षाचं यंत्र कुठल्याही दिशेचा वारा घेतं, त्याला वाऱ्याकडे तोंड वळवावं लागत नाही. शहरातल्या गोंधळलेल्या वाऱ्यासाठी तेच योग्य. मोठ्या कंपन्यांना ते नको आहे, कारण त्यांचे कारखाने तीन पात्यांच्या साच्यांवर उभे आहेत.

टॉर्क_रेंच
दिशेचा मुद्दा बरोबर. बाकीचं नाही.

बेट्झची मर्यादा, म्हणजे वाऱ्यातली जास्तीत जास्त ५९.३ टक्के शक्ती काढता येते, ही दोघांनाही लागू. मोठी आडव्या अक्षाची यंत्रं ४५ टक्क्यांच्या पुढे जातात. उभ्या अक्षाच्या यंत्रात प्रत्येक पातं अर्धा फेरा वाऱ्याच्या सोबतीने आणि पुढच्या पात्यांनी ढवळलेल्या हवेतून जातं, त्यामुळे लहान यंत्रांत २० ते ३० टक्के मिळाले तरी खूप. हिशेबनीसांनी २५ धरले ते उभ्या अक्षावर अन्याय करून नाही.

दुसरं, पात्यावरचा भार फेऱ्यागणिक उलटसुलट होतो. टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, सलग न येता ठोके देत येतो. ते ठोके खांबातून बेसप्लेटवर, तिथून स्लॅबमध्ये. गच्चीवर यात तीन गोष्टी बिघडतात. वरच्या मजल्यावर सतत घूं घूं. बोल्टांचा ताण उतरतो. आणि अँकरभोवती वॉटरप्रूफिंग फाटतं, जे पहिल्या पावसात कळतं. बसवायचंच असेल तर अँकर कॉलमवर घ्या, नुसत्या स्लॅबवर नको.

तिसरं, इमारतीच्या कडेवरून वारा वर उचलला जातो आणि गच्चीवर भोवऱ्यांचा थर तयार होतो. यंत्र त्या थराच्या वर काढायचं तर कठड्यापासून बरंच उंच न्यावं लागतं. मग खांब उंच, मग वाऱ्याचा आडवा भार जास्त, मग स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला, तडितरोधक आणि विमानतळाच्या उंचीची एनओसी.

ब्रिटनमध्ये वॉरिक चाचण्या म्हणून इमारतींवरच्या २६ लहान यंत्रांचा अभ्यास झाला होता. सरासरी सीयूएफ १ टक्क्याच्याही खाली आला. उंच इमारतींवरच्या यंत्रांना वारा त्यातल्या त्यात बरा होता, पण रहिवाशांनी आवाजाची तक्रार केल्यामुळे तीच बराच काळ बंद होती.

शून्य_युनिट
म्हणजे वारा चांगला तिथे शेजारी वाईट. ठाण्यात दोन्ही एकाच सोसायटीत मिळतील.

नासेल_नाना
पहिल्या प्रश्नाकडे येतो, तो जास्त रंजक आहे.

स्वस्ताईचं मूळ व्यासात आणि उंचीत आहे. जगातला पहिला समुद्रातला प्रकल्प डेन्मार्कचा विंडेबी, १९९१. तिथे ४५० किलोवॉटची ११ यंत्रं होती, रोटरचा व्यास ३५ मीटर. आज १५ मेगावॉटच्या यंत्राचा व्यास २३६ मीटर आहे. क्षेत्रफळ ४५ पट. पण ऑपरेशन रूम एकच, केबलचं टोक एकच, वर चढणारी टोळी एकच. खर्च ४५ पट होत नाही.

आपल्याकडे वेगळी गंमत झाली. जुनं २२५ किलोवॉटचं यंत्र घ्या, व्यास २७ मीटर. दर चौरस मीटरला जवळजवळ ३९० वॉट. आजचं ३.१५ मेगावॉटचं, १४४ मीटर व्यासाचं देशी यंत्र घ्या: दर चौरस मीटरला १९३ वॉट. म्हणजे जनरेटरच्या मानाने पात्यांचं क्षेत्रफळ दुप्पट झालं. त्यामुळे यंत्र मंद वाऱ्यातच पूर्ण क्षमतेला पोचतं आणि वर्षातले जास्त तास तिथे राहतं. जुन्या यंत्रांचा सीयूएफ १५ ते २०, नव्यांचा ३० ते ३८, यातला मोठा वाटा याचा.

उंचीचंही तसंच. सपाट माळावर वारा उंचीच्या साधारण एक सप्तमांश घाताने वाढतो. ५० मीटरवरून १२० मीटरवर गेलं की वेग १३ टक्केच वाढतो, पण घन केला की शक्ती ४५ टक्के वाढते.

साताऱ्यातल्या वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारांवर एक वजावटही आहे. ११०० मीटर उंचीवर हवा विरळ, घनता १.०४ च्या आसपास. यंत्राच्या तक्त्यात १.२२५ धरलेली असते. तक्ता जसाच्या तसा वापरला तर तिथेच १५ टक्क्यांची खोट. जुन्या अंदाजांत ही चूक सर्रास दिसते.

पामबीच
हे सगळं ठीक, पण सरकारी पैसा काढून घेतला की ही झाडं वाळतात असं ऐकलंय. खरं काय?

नासेल_नाना
वाळतात नाही, झटके खातात. अमेरिकेत १९९२ पासून प्रति युनिट करसवलत होती, पण संसद ती दर एक-दोन वर्षांनी संपू द्यायची. २०१२ मध्ये मुदत संपणार म्हणून सगळे धावले, १३ गिगावॉट उभे राहिले. पुढच्या वर्षी १ गिगावॉट. चीनमध्ये पवनविजेला मिळणारा सरकारी ठरावीक दर जमिनीवरचा २०२० अखेर आणि समुद्रातला २०२१ अखेर बंद झाला. दोन्ही वेळा शेवटच्या महिन्यांत क्रेन मिळेनात.

आपल्याकडे घसारा. पहिल्याच वर्षी यंत्राच्या किमतीचा ८० टक्के भाग घसारा म्हणून करपात्र नफ्यातून वजा करता यायचा. ज्याला नफ्यावरचा कर वाचवायचा तो मार्चच्या आत एक यंत्र विकत घ्यायचा. युनिट किती पडतात हे बघायची त्याला घाई नव्हती. २०१२ मध्ये हा जादा घसारा काढला, २०१४ मध्ये परत आणला, एप्रिल २०१७ पासून ४० टक्क्यांवर आणला. २००९ च्या शेवटी प्रति युनिट ५० पैसे प्रोत्साहन सुरू झालं, तेव्हा कुठे लोक उत्पादनाकडे बघू लागले.

मग लिलाव, जो सगळ्यात कमी दर मागेल त्याला प्रकल्प. फेब्रुवारी २०१७ च्या पहिल्या लिलावात दर आला ३ रुपये ४६ पैसे. त्याच डिसेंबरात गुजरातच्या लिलावात २ रुपये ४३ पैसे. वर्तमानपत्रांनी टाळ्या वाजवल्या. २०१६-१७ मध्ये देशात साडेपाच हजार मेगावॉट उभे राहिले होते, पुढच्या वर्षी दोन हजारांच्याही खाली. इतक्या कमी दरात चांगली जागा, रस्ता आणि सबस्टेशन तिन्ही मिळत नाहीत, म्हणून सगळे कच्छ आणि तमिळनाडूच्या त्याच चार तालुक्यांत घुसले आणि तिथे जमीन महागली.

हिशेबनीस
नानांच्या लिखाणाला पैशाची जोड देतो. वाऱ्याला इंधन नाही, त्यामुळे युनिटचा खर्च म्हणजे बहुतांशी कर्जाचा हप्ता.

धरा, मेगावॉटला ८ कोटी, आयुष्य २५ वर्षं, देखभाल-विमा वर्षाला १२ लाख, सीयूएफ ३५ टक्के, म्हणजे ३०.६६ लाख युनिट. भांडवलाचा मिश्र दर (कर्जाचं व्याज आणि मालकाचा परतावा मिळून) १० टक्के असेल तर हप्ता ८८ लाख, युनिट पडतं ३ रुपये २७ पैशांना. तोच दर ७ टक्के केला तर २.६३. १२ टक्के केला तर ३.७२. यंत्र तेच, डोंगर तोच, वारा तोच.

आता दर १० टक्केच ठेवून वारा बदला. सीयूएफ ३० ला ३.८१, २० ला ५.७२.

आयरेना या आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेच्या आकड्यांत जमिनीवरच्या नव्या प्रकल्पांचा जागतिक सरासरी खर्च २०१० मध्ये युनिटला ११.१ सेंट होता, २०२३ मध्ये ३.३ सेंट. समुद्रातला २०.३ वरून ७.५. यंत्र सुधारलं हे खरंच, पण त्यातल्या बऱ्याच वर्षांत युरोप-अमेरिकेत पैसा जवळजवळ फुकट मिळत होता हे विसरायचं नाही. २०२२ नंतर व्याज, पोलाद आणि केबल एकदम चढले. २०२३ च्या ब्रिटिश लिलावात समुद्री प्रकल्पांची एकही बोली आली नाही, कारण कमाल दर मेगावॉट-तासाला ४४ पौंड ठेवला होता, तोही २०१२ च्या किमतींत. पुढच्या वर्षी ७३ केला, तेव्हा बोल्या आल्या.

खाडीकाठ
समुद्राचा विषय निघालाच आहे तर कोकणाचं काय? एवढा लांब किनारा आहे. अलिबागसमोर रांग लावली तर टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या (ठाणे-बेलापूर) सगळ्या कारखान्यांना वीज पुरेल.

नासेल_नाना
देवगडला १९८० च्या दशकातच प्रात्यक्षिक पवनचक्क्या लागल्या होत्या, म्हणजे कोकणाचा विचार झालाच नाही असं नाही. पण समुद्रातल्या प्रकल्पांसाठी देशात जी क्षेत्रं आखली आहेत, ती गुजरातसमोर आठ आणि तमिळनाडूसमोर आठ. खंबातचं आखात आणि मन्नारचं आखात. तमिळनाडूचा वारा सगळ्यात चांगला. कोकणात पावसाळ्यात वारा तुफान आणि बाकीचे आठ महिने मध्यम, त्यात जून ते सप्टेंबर लाटांमुळे बोट यंत्राला लागू शकत नाही. म्हणजे ज्या महिन्यांत कमाई, त्याच महिन्यांत दुरुस्ती अशक्य.

जून २०२४ मध्ये केंद्राने ७४५३ कोटींची योजना मंजूर केली: गुजरात आणि तमिळनाडूसमोर ५००-५०० मेगावॉटसाठी ६८५३ कोटी व्यवहार्यता निधी (प्रकल्प परवडावा म्हणून दिलेलं अनुदान) आणि ६०० कोटी बंदरांसाठी. मेगावॉटला जवळजवळ ७ कोटी नुसतं अनुदान. एवढ्यात जमिनीवर जवळपास पूर्ण यंत्र उभं राहतं.

शून्य_युनिट
आणि अलिबागला रांग लावली तर बंगलेवाल्यांच्या सूर्यास्ताचं काय करणार? पहिली याचिका तिथूनच.

रोहित_पक्षी
फ्लेमिंगोंचं कुणीच बोलत नाहीये. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. ऐरोली-भांडुप पट्ट्यावरून थवे रात्रीही उडतात. कच्छ-राजस्थानात माळढोकावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं, तिथे मुख्य धोका पात्यांचा नसून वीजवाहिन्यांचा होता. त्यामुळे ‘गच्चीवर छोटी चक्की, पक्ष्यांना काय त्रास’ असं म्हणून सोडू नका, पण आधी खाडीवरच्या उच्चदाब तारांकडे बघा.

गच्चीप्रेमी
टॉर्क_रेंच, मोठ्या यंत्रांत काहीच बिघडत नाही अशा थाटात लिहिताय.

टॉर्क_रेंच
भरपूर बिघडतं. फक्त तिथे दुरुस्तीचा खर्च लाखो युनिटांवर पसरतो.

गिअरबॉक्स: रोटर मिनिटाला १०-१२ फेरे, जनरेटर साधारण १५००. शंभरपटीहून जास्त वेग वाढवायचा. सगळ्यात आधी वेगवान शाफ्टचे बेअरिंग जातात. दर सहा महिन्यांनी तेलाचा नमुना प्रयोगशाळेत: लोखंडाचे कण, पाण्याचा अंश, आम्लता. लोखंड हळूहळू चढत असेल तर फिल्टर बदलून बघता येतं. दोन नमुन्यांत दुप्पट झालं तर बोअरस्कोप (नळीचा कॅमेरा) घालून दात बघायचे.

आता हा गिअरबॉक्स जुलैत गेला असं धरा. १४० मीटरवरून तो उतरवायला ६०० टनांच्या वरची क्रेन लागते. ती सुट्या भागांत डझनावारी ट्रेलरवर येते, तिला दाबून घेतलेली सपाट जागा लागते आणि वारा सेकंदाला ८-१० मीटरच्या वर असेल तर जड उचल बंद. सह्याद्रीच्या पठारावर जुलैत असा शांत दिवस मिळत नाही, चिखलात क्रेन उभी राहत नाही. यंत्र ऑक्टोबरपर्यंत बंद. ३ मेगावॉटचं यंत्र पावसाळ्यात ६० टक्क्यांनी चालतं धरलं तर दिवसाला ४३,२०० युनिट, ३.३० रुपयांनी १ लाख ४० हजार रोज. म्हणून मोठी तपासणी एप्रिल-मेमध्ये संपवायची असते आणि संशयित बेअरिंग ‘अजून चालेल’ म्हणून पुढे ढकलायचा नसतो.

बाकी नेहमीचे: वाऱ्याकडे तोंड वळवण्यात ८ अंशांची चूक राहिली तर जवळजवळ ३ टक्के उत्पादन जातं आणि स्क्रीनवर कुठलाही अलार्म येत नाही. पात्याचं टोक सेकंदाला ८० मीटरने पावसाच्या थेंबांवर आपटतं, त्यामुळे पुढची कड खरवडते. वेळेवर टेप किंवा पॉलियुरेथेन लेप नाही लावला तर आणखी २-३ टक्के. पाती फिरवणाऱ्या मोटरच्या बॅकअप बॅटऱ्या उन्हाने मरतात, आणि ग्रिड गेल्यावर पाती वळली नाहीत तर यंत्र सुसाट सुटतं. या बॅटऱ्यांवर पैसे वाचवणारा मालक मला अजून समजलेला नाही.

पामबीच
जबरदस्त प्रतिसाद. एक शंका: इतकी स्वस्त वीज आहे तर जर्मनीत दर उणे का जातात?

हिशेबनीस
कारण वारा सुटला की सगळ्यांचीच यंत्रं एकदम फिरतात. २०२४ मध्ये जर्मनीच्या बाजारात ४५० हून जास्त तास दर शून्याखाली होते. म्हणजे यंत्रं जितकी वाढतात तितका वाऱ्याच्या तासांतला भाव पडतो. खर्च ३ सेंट असून उपयोग काय, विकताना २ मिळाले तर? आपल्या वीजबाजारात दर उणे होत नाही, पण पवनवीज पावसाळ्यात एकवटते हा प्रश्न आपलाच. महाराष्ट्रात वर्षाच्या वाऱ्याच्या विजेचा मोठा भाग जून ते सप्टेंबरमध्ये येतो. सौर तेव्हा ढगाखाली, म्हणून दोघांची जोडी जमते. संध्याकाळी सातनंतरच्या मागणीला वारा कामी येतो, सौर नाही.

महापे_एमआयडीसी
हाच धागा पुढे नेतो. नवी मुंबईत वाऱ्याची वीज वापरायची तर गच्चीवर आणू नका, तारेतून आणा. रबाळे, महापे, ऐरोलीतली डेटा सेंटरं हेच करत आहेत. समूह कॅप्टिव्हचा (अनेक ग्राहकांनी मिळून स्वतःसाठी उभारलेल्या वीजप्रकल्पाचा) नियम: वापरणाऱ्यांचं भांडवल किमान २६ टक्के आणि वर्षाच्या विजेपैकी किमान ५१ टक्के वापर त्यांचाच. हे जुळलं तर क्रॉस सबसिडी अधिभार (इतर ग्राहकांच्या स्वस्त विजेसाठी मोठ्या ग्राहकांकडून घेतला जाणारा जादा आकार) लागत नाही. एका वर्षी वापर ५० टक्क्यांवर घसरला तर पूर्ण वर्षाच्या विजेवर अधिभार बसतो, फक्त कमी पडलेल्या भागावर नाही. हातात ऑर्डर कमी असलेल्या कारखान्याने सही करताना हे कलम दोनदा वाचावं.

बँकिंग, म्हणजे जास्तीची वीज ग्रिडकडे जमा ठेवून नंतर वापरणं, महिन्यापुरतं. जुलैची जास्तीची वीज जानेवारीत वापरता येत नाही. त्यामुळे वाऱ्याचा करार पावसाळ्यातल्या भारावर बेतायचा, वर्षाच्या सरासरीवर नाही.

कळवेकर
माझा टॉवेल मागे घेतो. सोसायटीने करावं काय?

हिशेबनीस
सोसायटीने त्याच पैशात सौर घ्यावं. ३ किलोवॉट सौर वर्षाला साधारण ४००० युनिट देतं, चक्कीच्या तिप्पट, खर्च निम्म्याहून कमी. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे. गच्चीवरच्या चक्कीला त्यात जागा नाही. फक्त पाण्याच्या टाकीची आणि लिफ्टरूमची सावली किती पडते ते डिसेंबरच्या उन्हात मोजा.

चक्कीवाल्याला मात्र तीन गोष्टी लेखी मागा: दर मीटरच्या वेगाला किती वॉट हा तक्ता, त्याच गच्चीवर वर्षभर मोजलेला वारा, आणि वर्षाला किती युनिट याची हमी, कमी पडल्यास भरपाईसह.

घोडबंदरकर
तिन्ही मागितल्या. उत्तरादाखल तेच रंगीत पत्रक पुन्हा आलं, या वेळी पीडीएफमध्ये. सौरचे तीन दर मागवतोय.

गच्चीप्रेमी
भरपाईची हमी देणारा उभ्या अक्षाचा निर्माता मिळाला तर मी इथेच टाकेन.

महापे_एमआयडीसी
वाट बघू. दरम्यान कुणाला साताऱ्यातल्या जुन्या यंत्रांच्या जागी नवी बसवण्याबद्दल माहिती आहे का? डिसेंबर २०२३ च्या केंद्राच्या धोरणानंतर चर्चा खूप आहे, पण एका डोंगरावर वीस यंत्रांचे वीस मालक, आणि ७० मीटरचं पातं घाटातल्या वळणावरून वर जायचं कसं?

टॉर्क_रेंच
पातं जातं. बुडाकडून पकडून ते वर उभं तिरकं धरणारे ट्रेलर असतात, वळणावर पातं दरीवरून फिरवतात. आड येणाऱ्या तारा त्या दिवसापुरत्या उतरवाव्या लागतात. वीस मालकांना एका टेबलावर आणणारा ट्रेलर अजून निघालेला नाही. वेगळा धागा काढा, नानांना खूप लिहायचं असेल.